शाईचं देणं

माझ्या चित्रांसमोर थांबणारे लोक बहुतेक वेळा पहिला प्रश्न हाच विचारतात, तुम्ही चीनमध्ये शिकलात का? समोर हातकागद असतो, त्यावर काळी शाई, कुठे दाट, कुठे पाण्यात विरलेली. मधेच अक्षराचा भास देणारा एखादा वळसा असतो आणि वाचायला जावं तर तो निसटतो. मी चीनला गेलेली नाही. चिनी सुलेखनकारांचं देणं मात्र मी लागते आणि ते मोकळेपणाने सांगते. पण ते दुसरं देणं. पहिलं देणं दिंद्रुडचं, तिथल्या एका म्हाताऱ्या मुनिमाचं. सगळं गाव त्यांना आबा म्हणायचं. इथेही मी आबाच म्हणणार आहे, कारण आपलं नाव छापून यावं असं त्यांना कधीच वाटलं नसतं.

दिंद्रुड बीड जिल्ह्यात, माजलगाव तालुक्यात. माझं बालपण तिथे गेलं तेव्हा माजलगावच्या धरणाचं काम चालू होतं आणि आमच्या भागातली शेती पावसाच्या भरवशावर होती. आमच्या वाट्याला जमीन नावापुरती. दसरा झाला की मुकादमाची गाडी यायची आणि आई-बाबा पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांकडे ऊस तोडायला निघायचे. उचल पावसाळ्यातच घेतलेली असायची आणि निघेपर्यंत खर्चूनही झालेली असायची. पोरं सोबत न्यायची रीत होती. नवरा-बायकोचा कोयता दिवसभर फडात, तेव्हा कोपीवर धाकट्याला सांभाळायला थोरली लागायचीच. ती थोरली म्हणजे मी.

मी चौथीत होते त्या वर्षी, गाडी यायच्या आदल्या संध्याकाळी, आबा आमच्या ओट्यावर येऊन बसले.

"पोरीला नेऊ नको," ते बाबांना म्हणाले. "आजीजवळ राहू दे. शाळा सुटली की माझ्याकडं बसंल."

"आबा, बारक्याला कोण बघंल मग?"

"त्याला बी इथंच ठेव. तुझ्या आईला झेपलं नाही तर आमची म्हातारी हाय की."

बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मग आईने आतून सांगितलं, राहू द्या तिला. त्या हंगामापासून मी गावातच राहिले, धाकटाही राहिला, आणि आम्ही दोघंही शिकलो. आज माझ्या हातात जे काही आहे त्याची सुरुवात त्या ओट्यावर झाली. आबांचं आणि आमचं नातं नव्हतं, भावकी नव्हती, शेताचा बांधसुद्धा शेजारी नव्हता. ते का आले, हे मी मोठी झाल्यावर त्यांना विचारलं होतं. "तू भिंतीवर कोळशानं लिहायचीस. वळण चांगलं होतं," एवढंच म्हणाले.

आबा तरुणपणी माजलगावच्या मोंढ्यात एका आडतीवर मुनीम होते. शाळा निजामाच्या राज्यातली, म्हणजे उर्दू. चार जमाती त्यांनी उर्दूत केल्या. मोडी ते आडतीवरच शिकले, थोरल्या मुनिमाच्या पुढ्यात बसून. मराठवाड्यातल्या त्यांच्या पिढीत अशी माणसं बरीच होती. सरकारदरबारचं उर्दूत, दुकानातलं आणि घरातलं मोडीत, पोथी बाळबोधीत. 17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थान भारतात आलं, सरकारी कागदांची भाषा बदलली, पुढे मोडीही व्यवहारातून गेली. आबांच्या हातातल्या तीन लिप्यांपैकी दोन गावाला नकोशा झाल्या. तरी ते रोज लिहायचे. कुणासाठी लिहिता म्हटलं तर म्हणायचे, हात आखडू नये म्हणून.

शाळा सुटली की मी त्यांच्या ओसरीवर जायची. पहिले कितीतरी दिवस त्यांनी मला काहीच लिहू दिलं नाही. शाई करायला बसवलं. करडईच्या तेलाचा दिवा लावायचा, वर मातीचं झाकण तिरपं धरायचं, त्यावर धरलेली काजळी कोंबडीच्या पिसाने हलक्या हाताने उतरवून घ्यायची. बाभळीचा डिंक रात्रभर भिजत टाकलेला असायचा. सकाळी तो फडक्यातून गाळायचा आणि खलात काजळीवर थेंब थेंब सोडत घोटायचा. काजळी पाण्याला लवकर जवळ करत नाही. वर तरंगते, बोटाला चिकटते, उडते. घोटता घोटता एका घटकेला ती हट्ट सोडते आणि खलात चकाकी येते. ती चकाकी ओळखता यायला मला फार वेळ लागला. आबा न बघता, नुसत्या बत्त्याच्या आवाजावरून सांगायचे, "झाली नाही अजून."

मग बोरू. नदीकाठची काडी सावलीत वाळवलेली. ती तासून टोकाला चीर द्यायची आणि शेवटी एका दाबात तिरपा कत मारायचा. कत चुकला की काडी गेली. आबांचा चाकू दाभणाएवढा उरला होता, इतक्या वर्षांत झिजून. कत मारताना ते श्वास धरायचे आणि मीही धरायची.

मोडी लिहिताना आधी पानभर आडव्या रेघा ओढून घेतात आणि मग अक्षरं त्यांना खालून लटकवत जातात. बाळबोधीत अक्षर लिहून वर रेघ देतात, इथे उलट. रेघ आधी असल्यामुळे हात उचलण्याचं कारणच उरत नाही. एका अक्षराची शेपटी पुढच्या अक्षरात शिरते, काना मागे वळून येतो, शब्द सुटा होत नाही. ही लिपी यादवांच्या हेमाद्री पंडिताने आणली असं परंपरा सांगते. पुढे शिवकाळात आणि पेशवाईत तिला निरनिराळी वळणं पडली, आणि आबांचा हात चिटणिशी वळणाचा आहे असं जाणकारांनी मला नंतर सांगितलं. तेव्हा मला एवढंच दिसायचं की हा माणूस लिहायला लागला की ओळ थांबत नाही.

"हात उचलू नको," ते म्हणायचे. "आन् शाई सरत आली म्हणून घाई करू नको. सरू दे तिला. मगच बुचकळ."

या एका वाक्यावर माझं सगळं काम उभं आहे. त्यांच्या वहीचं पान थोडं लांब धरून बघितलं की अक्षरं वाचायच्या आधी दुसरंच काही दिसतं. बोरू बुडवल्यावरचं पहिलं अक्षर काळंभोर, पुढची हळूहळू तपकिरी, मग राखाडी, शेवटचं इतकं फिकं की कागदाचा पोत त्यातून वर यावा. मग पुन्हा काळंभोर. पानभर गडद-फिक्याची ये-जा. माणूस किती दमाने लिहीत होता, कुठे विचारात पडला, कुठे हिशोब पटकन जुळला, ते त्या ये-जेत राहिलेलं असतं. मी आज जे रंगवते ते एवढंच आहे. मजकूर काढून घेतलेलं आबांचं पान.

आमच्या जिल्ह्यात शाईची एक मोठी कथा आहे, तीही मी आबांकडूनच ऐकली. अंबाजोगाईचे संतकवी दासोपंत, जन्म 1551 चा, समाधी 1615 ची. ते रोज एका ढब्बू पैशाची शाई लिहून संपवत असं सांगतात. त्यांनी वेदान्ताचं पंचीकरण खादीच्या लांबलचक पासोडीवर लिहिलं, ओव्यांच्या जोडीला आकृत्या काढून. कागद नाही, कापड. आबांना या गोष्टीत भक्तीपेक्षा शाईचंच कौतुक जास्त होतं. "कापडावर फुटू दिली नाही शाई," असं म्हणून ते मान हलवायचे. पासोडीचे फोटो मी खूप पुढे पाहिले. लिहिणं आणि चित्र काढणं एकाच हाताची, एकाच बैठकीची कामं आहेत, हे आमच्या मातीत चारशे वर्षांपूर्वी कुणीतरी करून ठेवलेलं होतं. मला ते कुठल्या इझमच्या पुस्तकातून शिकावं लागलं नाही याचा मला अभिमान आहे.

चित्रकलेच्या शिक्षणासाठी मी गाव सोडलं. फीचे पैसे आबांनी दिले हे मला उशिरा कळलं, बाबांनी सांगितलं तेव्हा. कॉलेजात तैलरंग, पोर्ट्रेट, स्टिल लाइफ असं सगळं रीतसर झालं आणि त्यातलं काहीच माझ्या हाताला बसेना. एक दिवस ग्रंथालयात चिनी सुलेखनाचं एक जाड पुस्तक उघडलं. तांग काळातला भिक्षू ह्वाइसू, त्याच्या धावत्या, बेभान लिपीचं एक पान. एक अक्षर कळत नव्हतं आणि तरी मी ते पान वाचत होते. काळंभोर, मग फिकं, मग कोरडा फटकारा ज्यातून कागद दिसतो, मग पुन्हा काळंभोर. हजार-बाराशे वर्षांपूर्वीचा, हजारो मैलांवरचा तो माणूस बोरू कधी बुचकळतो ते मला दिसत होतं. तिथे बोरूच्या जागी केसांचा कुंचला होता, एवढाच फरक. या भिक्षूला कागद परवडत नसे म्हणून त्याने केळी लावल्या आणि पानांवर लिहिलं, अशी त्याची कथा आहे. आबा धूळपाटीवर बोटाने शिकले होते. मी त्याच संध्याकाळी गावाला पत्र लिहिलं.

मग चिनी वाटेने मी बरीच आत गेले. त्यांची शाईही काजळीचीच. पाइनची किंवा तेलाची काजळी, डिंकाच्या जागी जनावराची सरस, साच्यात घालून वाळवलेली कांडी, आणि ती दगडावर पाण्याने घासायची. कांडी घासायला बसलं की चित्त आपोआप जागेवर येतं असं ते मानतात. आबांच्या खलाने माझं तेच केलं होतं. एका काळ्या शाईत पाच रंग असतात असं चिनी चित्रकार म्हणतात, ते पाण्याच्या कमी-जास्तीवरून. वांग शीजी या सुलेखनकाराने इ.स. 353 मध्ये एका मेजवानीत लिहिलेली प्रस्तावना त्यांच्याकडे सर्वश्रेष्ठ अक्षर मानली जाते. ओळी 28, अक्षरं 324. 'जी' हे साधं अव्यय त्यात वीसेक वेळा येतं आणि प्रत्येक वेळी त्याचं रूप वेगळं आहे. मूळ कागद मात्र आज नाही. एका बादशहाला तो इतका प्रिय होता की त्याच्याबरोबर पुरला गेला, असं म्हणतात. उरल्या त्या नकला. तेराशेहून जास्त वर्षं लोक त्या नकला गिरवत आले आणि त्या गिरवण्यातून एकेक मोठा हात तयार होत गेला. ही गोष्ट मला कलेच्या इतिहासातली सर्वांत आधार देणारी गोष्ट वाटते. आपल्याकडे गिरवणं म्हटलं की पहिलीतलं पोर आठवतं. तिथे म्हातारे उस्ताद गिरवतात.

आजच्या काळातला माझा सर्वांत जवळचा चिनी चित्रकार म्हणजे हांगचौचा वांग तोंगलिंग. जन्म 1945 चा. जमिनीवर अवाढव्य कागद पसरून, त्यावर चालत, मोठ्या कुंचल्याने तो लाओत्सेसारखे प्राचीन मजकूर लिहितो. अलीकडच्या कामात तो ओळींची शिस्तच मोडतो. अक्षर अक्षरावर चढतं, रकाने एकमेकांत घुसतात आणि शेवटी पानभर नुसतं शाईचं रान माजतं. चिनी वाचणाऱ्यालाही ते वाचता येत नाही. पण तो मजकूर पाठ म्हणत लिहिलेला असतो, मनाला येईल तसा फटकारा मारलेला नसतो. खळबळ दिसते, शिस्त आत असते. त्याची चित्रफीत मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला माझ्या कामाची परवानगी मिळाल्यासारखं झालं. वाचता न येणारं अक्षर हेही अक्षरच असतं. गावातल्या नव्या पोरांना आबांची वही वाचता येत नव्हती म्हणून तिच्यातलं काही कमी झालं होतं का?

आपल्या माणसांचंही देणं आहे. वासुदेव गायतोंडे यांची ओळख मला पुस्तकांतून आणि 'चिन्ह' या कलाविषयक अंकाच्या पानांतून झाली. नागपुरात 1924 ला जन्मलेला, गोव्याचं मूळ असलेला हा चित्रकार झेन विचाराकडे ओढला गेला आणि आयुष्यभर मोजकं, शांत काम करत राहिला. त्यांचे मोठे कॅनव्हास जगाला ठाऊक आहेत. 2014 मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं. पण मला जवळची आहेत ती 1984 च्या अपघातानंतरची छोटी कामं. मोठ्या कॅनव्हासपुढे उभं राहणं शरीराला जमेना, तेव्हा त्यांनी कागदावर शाईने लहान रेखाटनं केली. कुठल्याच भाषेत नसलेल्या लिपीची चिन्हं असावीत अशी. शरीर अडलं तर माणूस शाईकडे येतो, हे मी आबांच्या शेवटच्या वर्षांतही पाहिलं. चालणं थांबलं, लिहिणं चालू होतं.

र. कृ. जोशी यांचं देणं तर सगळ्या मराठी माणसांवर आहे, आणि बहुतेकांना त्याचा पत्ता नाही. कवी, सुलेखनकार, पवईच्या आयआयटीत शिकवणारे अक्षराचे अभ्यासक. संगणकावरचा 'मंगल' हा देवनागरी फॉन्ट त्यांच्या हातचा. तहसीलमधला अर्ज असो की शाळेची नोटीस, मराठी टाइप झालेली कितीतरी पानं या माणसाच्या वळणात छापून निघतात. 2008 मध्ये ते गेले. आणि अच्युत पालव. जे.जे.तून बाहेर पडल्यावर त्यांनी मोडीचा अभ्यास केला, मोडी आणि देवनागरीतून स्वतःची मुक्त लिपी घडवली आणि अक्षराला कॅनव्हासवर, भिंतीवर, रंगमंचावर उभं केलं. 2025 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली त्या दिवशी मी शिकवते त्या वर्गातल्या मुलांना पेढे वाटले. मोडीला दफ्तरातून बाहेर काढून चित्रात आणण्याची वाट त्यांनी आधी तुडवून ठेवली नसती, तर माझ्यासारखीला गॅलरीच्या दारात फार वेळ उभं राहावं लागलं असतं.

आबांनी माझं एकच प्रदर्शन पाहिलं, तेही घरात. सुट्टीत मी कागदांची गुंडाळी घेऊन गेले आणि त्यांच्या ओसरीवर एकेक पसरत गेले. ते काठी टेकत वाकून बघत होते. एका कागदापाशी थांबून त्यांनी बोट ठेवलं.

"इथं बुचकळायची घाई केलीस."

खरंच केली होती. शाई पूर्ण सरली नव्हती, मला गडद हवं होतं म्हणून मी कुंचला पुन्हा बुडवला होता. माझ्या चित्रांवर पुढे बरंच लिहून आलं, पण इतकं नेमकं कुणी बोललं नाही. मी तो कागद विकला नाही. आबा गेले त्यानंतर त्यांच्या सुनेने मला लाल कापडी पुठ्ठ्याची त्यांची वही दिली. घरात ती वाचणारं कुणी नव्हतं.

2023 च्या सप्टेंबरात मराठवाड्यातल्या निजामकालीन नोंदी तपासण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि बीड जिल्ह्यात घरोघरी जुन्या ट्रंका उघडल्या गेल्या. मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंद शोधायची होती. कागद निघाले ते मोडीत आणि उर्दूत. वर्षानुवर्षं कुणाला नको असलेल्या लिप्या वाचणारं माणूस एकाएकी सगळ्यांना हवं झालं. मला दिंद्रुडहून फोन यायला लागले. "ताई, तुम्ही आबांच्या हाताखालच्या ना? एक कागद पाठवतो, बघता का?" व्हॉट्सॅपवर फोटो यायचे. खतावण्या, कर्जरोखे, वाटणीपत्रं, कडेला वाळवीने खाल्लेली. मी रात्री बसून वाचायची आणि बाळबोधीत उतरवून पाठवायची. कुणाचं काम झालं, कुणाचं नाही. ज्यांचं नाही झालं त्यांनीही पणजोबाचं नाव, त्याची बैलजोडी, त्याने कुणाला किती पायल्या ज्वारी दिली ते वाचलं आणि फोन करून पुन्हा पुन्हा विचारलं. त्या दिवसांत मी चित्र काढलं नाही. काढावंसं वाटलंही नाही.

पण निम्मे कागद मला परत पाठवावे लागले. सेतवार, मुंतखब, खासरा असे जमिनीचे कागद, सगळं उर्दूत, शिकस्ता म्हणतात त्या मोडक्या, धावत्या हातातलं. आबांनी मला मोडी दिली. उर्दू त्यांनीही काढली नाही, मीही मागितली नाही. माजलगावात एक वयस्क मौलवीसाहेब आहेत. मी गावाकडे गेले की आता त्यांच्याकडे अलिफ-बे गिरवते. पहिल्या दिवशी त्यांनी माझा बोरू हातात घेऊन कत बघितला आणि म्हणाले, हा डावीकडून लिहिण्याचा आहे, बाई, आमचा वेगळा लागतो. त्यांनी मला नवीन काडी कापून दिली. हात उजवीकडून चालवायला अजून जड जातं.

आबांच्या वहीची पुढून निम्मी पानं मोडीत आहेत, ती मी कितीदा वाचली आहेत. मागून उघडली तर ती उर्दूत आहे, मागच्या पानापासून मधल्यापर्यंत. तिथली शाई तीच आहे, काळंभोर ते फिकं आणि पुन्हा काळंभोर. आत आकडे आहेत, काही नावं असावीत. एका पानावर आमच्या घराचं नाव आहे असं मौलवीसाहेबांनी वरवर बघून सांगितलं. पुढचं वाचून दाखवू का, असं त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं. ते मला माझं मला वाचायचं आहे.